डाव्या हाताचं वेटोळं

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली, तो माझा मावसभाऊ. भुताखेतांवर त्याचा विश्वास नाही. तसा हवामानाच्या अंदाजावरही नाही, पण ते जाऊ दे.

वार शनिवार. संध्याकाळचे सहा. बाहेर चांगला उजेड होता. हे मुद्दाम सांगतोय, म्हणजे अंधारात भास झाला असेल म्हणायची सोय राहणार नाही.

जागा, घरामागची पत्र्याची शेड.

दोघे भाऊ झाडं छाटायचे. थोरला आणि धाकटा; धाकटा म्हणजेच हा मावसभाऊ. आठवडाभर झाडावर, शनिवारी शेडमध्ये. चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, उघडायची, चिकटलेला भुसा खरवडायचा, साखळीचा एकेक दात कानशीने घासायचा. आणि सगळ्यात शेवटी दोर.

दोराचा नियम थोरल्याने घातलेला. हातमोजे काढायचे, डोळे मिटायचे आणि सगळा दोर हात-हातभर बोटांतून सरकवायचा. बाहेरचं आवरण शाबूत असतं आणि आतला गाभा तुटलेला असतो. ते डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतं. तिथे लाल दोरा बांधायचा. मग तो दोर पुन्हा झाडावर जात नाही.

आणि आपला दोर आपण तपासायचा नाही. थोरल्याने धाकट्याचा, धाकट्याने थोरल्याचा.

"आपलाच पेपर तपासायला दिला तर कोण नापास होणारे रे?" थोरला म्हणायचा.

थोरल्याच्या शेवटच्या शनिवारी धाकटा मोबाइलवर मॅच बघत होता. थोरल्याचा दोर त्याने हातातसुद्धा घेतला नाही.

"बघितलास ना रे माझा?"

"बघितला रे दादा. तुझ्या वजनाला दोर कसला, साखळदंड लागेल!"

थोरला हसला. सोमवारी तो दोर घेऊन झाडावर चढला.

दोर तुटला. थोरला जागीच गेला.

धाकट्याने खाली पडलेलं टोक पाहिलं. झिजून तुटलं होतं. माणसं जमायच्या आत त्याने तो दोर पोत्यात कोंबला, जुना एक दोर चेनसॉने कापला आणि चौकशीला आलेल्यांना दाखवला. स्वतःच्याच करवतीने दोर कापला गेला, असं सगळ्यांनी मानलं.

वहिनीनेही.

"जगाला शिकवत फिरायचा," ती प्रत्येकाला सांगायची, "आणि स्वतःचं भान नाही. आम्हाला टाकून गेला." रडायची नाही. नुसती चिडायची.

धाकटा मान खाली घालून ऐकायचा. पोतं शेडच्या माळ्यावर होतं.

दोन महिने गेले. आता त्याचा दोर तपासायला कोणी नव्हतं. तो स्वतःच तपासायचा आणि दर वेळी पास करायचा.

मग तो शनिवार आला.

तो पाठमोरा बसून साखळीला कानस मारत होता.

मागे आवाज झाला...

सर्रर्र.

मग काही नाही.

पुन्हा... सर्रर्र.

बोटांतून दोर सरकतो, तो आवाज. हातभर सरकायचा, थांबायचा. पुन्हा हातभर.

त्याने कानस थांबवली. आवाज थांबला नाही.

त्याला वळून बघवेना. तीस वर्षांचा बाप्या, साठ फुटांवर फांदीवर बसून डबा खाणारा, पण मान काही वळेना.

सर्रर्र... सर्रर्र...

मग आवाज एका जागी थांबला. पुढे गेलाच नाही.

तो वळला.

कोणी नव्हतं. दार आतून लावलेलं. खुंटीवर त्याचा दोर होता, नीट गुंडाळलेला.

फक्त वेटोळं उलटं होतं.

थोरला डावखुरा होता. त्याची वेटोळी नेहमी उलटी पडायची. त्यावरून भांडणंसुद्धा व्हायची.

आणि वेटोळ्याच्या मधोमध... लाल दोरा.

धाकट्याने तिथे बोट फिरवलं. बोटाला काहीच कळलं नाही. शेवटी सुरी घेऊन आवरण चिरलं.

आतला गाभा पार तुटलेला होता. सोमवारी त्याच दोरावर तो चढणार होता.

तो तिथेच जमिनीवर बसला. भीती वाटली नाही, म्हणाला. भीती वाटली असती तर बरं झालं असतं. ज्याचा दोर त्याने तपासला नव्हता, तो त्याचा दोर तपासून गेला होता.

माळ्यावरचं पोतं काढून तो तसाच वहिनीच्या स्वयंपाकघरात गेला. तुटकं टोक ओट्यावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. मॅचसकट.

वहिनीने गॅस बंद केला. टोक बराच वेळ बोटांत धरून ठेवलं.

"म्हणजे त्याची चूक नव्हती."

"नाही वहिनी."

"दोन महिने मी त्याच्यावर चिडले होते रे. रडलेसुद्धा नाही त्याच्यासाठी."

मग तिने दोर त्याच्या हातात परत दिला आणि दार दाखवलं. दार लागल्यावर आतून तिचं रडणं ऐकू आलं. पहिल्यांदाच. ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना धाकट्याने दुसऱ्या दिवशी जाऊन खरं ते लिहून दिलं. त्याचं जे व्हायचं ते झालं. वहिनी अजून त्याच्याशी बोलत नाही.

मला वाटलं होतं, कबुली दिल्यावर तो आवाज बंद होईल. गोष्टींमध्ये होतो.

झाला नाही. दर शनिवारी सहाला येतो, धाकट्याच्या दोरावरून पुढेपुढे सरकतो. मग धाकटा समोर बसतो. हातमोजे काढतो, डोळे मिटतो आणि थोरल्याचा तो तुटका दोर मांडीवर घेऊन हात-हातभर तपासतो. शेवटपर्यंत.

"उपयोग काय आता त्याचा?" मी परवा विचारलं.



"टोकाशी पोचलो ना," तो म्हणाला, "की दोर संपायला पाहिजे..."

"मग?"

"संपत नाही. पुढून कोणीतरी धरलेला असतो. डोळे उघडायची हिंमत होत नाही रे माझी. आणि सोडवतही नाही."