आप्पांच्या फोनातली हाक

निलंग्याच्या एसटी स्टँडसमोर भागवतचं मोबाईलचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याला बाहेर पायरीवर उभं राहावं लागतं. चार्जर, स्क्रीन गार्ड, रिचार्ज हे त्या रांगेत सगळ्यांकडंच मिळतं, पण भागवतकडं लोक येतात ते रिंगटोनसाठी. गिऱ्हाइकाचं नाव घालून तो रिंगटोन करून देतो. मागं हलगी आणि वरून भागवतचा खर्जातला आवाज, "व्यंकटराव, फोन उचला." कुणाला हलगी नको असते, संबळ हवं असतं. कुणाला नातवाचे बोबडे बोल हवे असतात. एका गावपुढाऱ्याला तर स्वतःच्या भाषणातल्या टाळ्या हव्या होत्या. त्या भाषणात टाळ्या सापडेनात, तेव्हा भागवतनं त्या एका लग्नातून आणून जोडल्या. ही गोष्ट त्यानं अजून पोटात ठेवली आहे.

या कामात त्याचे स्वतःचे नियम होते. नाव तीनदा घ्यायचं. पहिल्यांदा माणूस दचकतो, दुसऱ्यांदा खिसा चाचपतो, तिसऱ्यांदा उचलतो. तिसरी हाक जरा मोठी ठेवायची. आणि दोन हाकांच्या मध्ये श्वास घेण्याइतकी जागा सोडायची, नाहीतर ती माणसाची हाक वाटत नाही, यंत्राची वाटते. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आवाज कापता-जोडता हाताला कळलं होतं.

एवढा कारागीर माणूस, पण त्याचा बाप त्याचा फोन उचलत नव्हता.

दगडोबा, म्हणजे त्याचे आप्पा, कासारसिरसीच्या रस्त्यावरच्या गावात एकटेच राहत. तेही गावात नाही, शेतातल्या आखाड्यावर. दोन पत्र्याच्या खोल्या, दोन बैल, एक म्हैस. भागवतची आई कावेरीबाई दिवाळीनंतर गेली आणि तेव्हापासून त्यांनी गावातल्या घराला कुलूपच लावलं. निलंग्याला चला म्हटलं की म्हशीचं नाव पुढं करायचे. मग फाल्गुनात एकदा ज्वारीच्या मोकळ्या रानात त्यांना चक्कर आली. दोन तास उन्हात बसून होते. भागवतनं अकरा वेळा फोन लावला, फोन त्यांच्याच खिशात वाजत होता. शेवटी शेजारच्या रानातल्या शंकरप्पानं पाहिलं आणि उचलून सावलीत आणलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब आहे, माणूस एकटा ठेवू नका. त्या रात्री भागवतला जेवण गेलं नाही. आई गेली होती, आता बापही असाच कुठंतरी बांधाला पडून जाईल आणि आपण इथं लोकांच्या फोनात हलग्या भरत बसू, हे त्याच्या डोक्यातून हलेना.

"आप्पा, फोन कामून उचलत न्हाई तुमी?"

"वाजत व्हतं कायतरी. मला वाटलं, रस्त्यावर गाडी हाय."

"आवो, तुमच्या खिशात वाजत व्हतं."

"मला माणसाची हाक ऐकू येती बग. हे टिरटिर कानात शिरतच न्हाई."

यावरून भागवतला ती कल्पना सुचली. आणि सुचली तेव्हा त्याला वाटलं, हे आपल्याला आधीच कसं सुचलं नाही.

दोन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या राशीच्या दिवशी त्याची बायको आरती हिनं फोनवर व्हिडिओ काढला होता. मळणी यंत्र बंद पडलेलं, पोती पसरलेली, आणि मागून कुठून तरी कावेरीबाईचा आवाज, "आवो... या की." आप्पांना जेवायला बोलवायची तिची ती रोजची हाक. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नाही. बारा वाजले की बांधावर उभी राहायची आणि एवढंच म्हणायची, आणि आप्पा तीन एकरांच्या पलीकडून "ओ" देऊन निघायचे.

भागवतनं दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि कानाला हेडफोन लावून बसला. स्क्रीनवर आवाजाची उंचसखल रेघ होती. तिच्यातला वारा त्यानं काढला, म्हशीचं हंबरणं काढलं, एका पोराचं खोकणं काढलं. राहिली ती चार सेकंदांची हाक. ती त्यानं बराच वेळ ऐकली. रडला नाही, पण मध्येच चष्मा पुसला. मग सवयीनं त्यानं त्याच हाकेच्या आणखी दोन प्रती जोडल्या, मध्ये श्वासाची जागा सोडली, तिसरी जरा मोठी केली. काम झक्क झालं होतं. रविवारी जाऊन त्यानं तो रिंगटोन आप्पांच्या फोनात बसवला.

कशाची हाक आहे हे त्यानं सांगितलं नाही. अंगणात लांब जाऊन फोन लावला. आप्पा म्हशीला पाणी दाखवत होते. पहिल्या हाकेला त्यांच्या हातातली बादली थांबली. दुसऱ्या हाकेला त्यांनी डोळे मिटून घेतले. तिसरी हाक झाली आणि त्यांनी "ओ" म्हटलं. मग कोटाच्या खिशातून आवाज येतोय हे ध्यानात येऊन फोन कानाला लावला.

"आप्पा, मी भागवत."

आप्पांनी बादली खाली टेकवली.

"तू हाईस व्हय," आप्पा म्हणाले.

त्या दिवसापासून आप्पांनी एकही फोन चुकवला नाही. रोज सकाळी आठला भागवत लावायचा, आप्पा तिसऱ्या हाकेला उचलायचे. गोळी घेतली का, घेतली. चक्कर आली का, नाही. भागवतनं गिऱ्हाइकांना हे कौतुकानं सांगितलं, आणि दोघा-तिघांनी त्याच्याकडून गेलेल्या माणसांचे आवाज तसेच कापून नेले.

चैत्र सरता सरता शंकरप्पा चार्जर घ्यायला दुकानात आला.

"भागवतराव, दिवसाला किती फोन करतोव?" त्यानं विचारलं.

"एक. सकाळी आठला."

"मग बाराला कोण करतंय?"

भागवतनं चार्जरचं खोकं खाली ठेवलं.

"बारा वाजले की आप्पा हातातलं काम टाकतेत," शंकरप्पा म्हणाला. "ओ म्हणतेत अन् चालाय लागतेत. भर उनात. डोक्याला टापर न्हाई. वड्याकडं, जिथं काकूला अग्नी दिला तिकडं. मी हाक मारलो की थांबतेत, माघारी येतेत. पर रोज थोडं पुढं गेलेले असतेत. परवा वड्याच्या काठाला व्हते बगा."

दुसऱ्या दिवशी भागवत दुकान आरतीवर सोपवून आखाड्यावर गेला. आप्पा लिंबाखाली दावं वळत बसले होते. त्यानं त्यांचा फोन मागून घेतला. आलेल्या फोनांची यादी पाहिली. रोज एक, सकाळी आठचा, त्याचाच. बाराच्या सुमाराला काहीच नव्हतं. त्यानं फोन बंद केला आणि समोर बाजेवर ठेवून दिला.

ऊन चढत गेलं. पत्रे तडतडत होते. रानात चिटपाखरू नव्हतं, म्हैससुद्धा रवंथ थांबवून उभी होती. तापलेल्या मातीचा वास येत होता आणि त्यात मधूनच भाजलेल्या भाकरीचा. चूल तर विझलेली होती, भागवतनं दोनदा जाऊन पाहिलं.

आप्पांचे हात थांबले. त्यांनी मान जराशी तिरकी केली. काळी स्क्रीन घेऊन फोन बाजेवर मुका पडला होता, आणि भागवतला वाऱ्याशिवाय काहीही ऐकू येत नव्हतं. आप्पांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग दावं खाली ठेवलं.

"ओ," ते म्हणाले, आणि उठले.

भागवतनं त्यांचा दंड धरला. दंड थंडगार होता.

"आप्पा, कुटं चाललाव?"

"सोड. बोलावतीय ती."

"कोण? फोन बंद हाय. मीच केलाय बंद."

आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं. त्या नजरेत वेडबिड काही नव्हतं. लेकराला साधी गोष्ट समजावतात तसं ते बोलले, आवाज खाली ठेवून.

"फोनातली न्हाई रे. तेराव्यापासून येती ती. रोज बाराला. एक हाक देती... लई झालं तर दोन. मी ओ देत न्हवतो."

"मग आता...?"

"रानात एकट्याला हाक आली तर पहिलीला ओ द्यायची न्हाई, दुसरीला न्हाई. तिसरी आली तर समजायचं, माणूस हाय. गेलेल्यांपाशी तिसरी हाक नसती. हे तर तुलाबी ठावं हाय."

भागवतला ठाऊक होतं. शेतात वाढलेल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. आईनंच त्याला सांगितलं होतं, गुरांमागं पाठवताना, एकदा नव्हे दहादा.

"चार महिने लई जड गेले," आप्पा म्हणाले. "बायकू हाक मारतीय अन् आपण मुकाट बसायचं. पर बसलो. अन् आता तीन मारती ती. पहिली, मग जरा थांबती, मग दुसरी... अन् तिसरी जरा मोठ्यानं." त्यांनी भागवतच्या हातावरून हात फिरवला. "तिसऱ्या हाकेला ओ द्यावी लागती, बाबा."

ते थांबणं किती होतं हे भागवतला मोजायची गरज नव्हती. ते त्यानंच शटर अर्धं ओढून, हेडफोन लावून मोजलेलं होतं. जे तिच्यापाशी नव्हतं ते आपण आपल्या हातानं तिला करून दिलं, हे त्याला कळलं, आणि कुणाला सांगावं ते कळेना.

त्यानं आप्पांना विचारलं नाही. म्हैस आणि बैल शंकरप्पाच्या हवाली केले, दोन धोतरं पिशवीत भरली, आणि आप्पांना मोटारसायकलवर मागं बसवलं. त्यांनी विरोध केला नाही. ओढ्याच्या पुलावर गाडी आली तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

"ओ. आलो."

गाडी एकाएकी हलकी वाटली. भागवतनं घाबरून एक हात मागं नेला. आप्पांचा गुडघा हाताला लागला. त्यानं गाडी थांबवली नाही, निलंगा येईपर्यंत मागंही पाहिलं नाही.

घरी आल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते रिंगटोन काढायचं. फोनातून काढला, दुकानातल्या कॉम्प्युटरमधून काढला, आरतीच्या फोनातला तो राशीचा व्हिडिओही पुसला. आरती रडली, आईचा तेवढाच आवाज राहिला होता म्हणाली.

पहिले तीन दिवस बारा वाजता तो दुकान बंद करून घरी येऊन बसला. बारा वाजायचे, आप्पा बसलेल्या जागी बसून असायचे. मान तिरकी करत नव्हते, उठत नव्हते. भागवतचा जीव भांड्यात पडला. बाप घरात होता, डोळ्यासमोर होता, वेळेवर गोळी घेत होता. आणखी काय पाहिजे?

चौथ्या दिवशी आरतीनं त्याला स्वयंपाकघरात बोलावलं.

"आप्पा बोलत न्हाईत," ती हळूच म्हणाली.

"दमलेत."

"तसं न्हाई. ताट ठेवलं की जेवतेत, अंथरूण घातलं की निजतेत. पर हाक मारली की ओ देत न्हाईत. बगतसुदिक न्हाईत. मागून नका, समोर उभं राहून हाक मारून बगा."

त्यानं मारून पाहिली. आप्पा समोरच्या भिंतीकडं पाहत राहिले. लातूरला नेऊन कान तपासून आणले. कान ठणठणीत आहेत, वयाच्या मानानं फारच चांगले आहेत, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं आणि मनाचा धक्का असेल म्हणून गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्याही आप्पा वेळेवर घेत होते.

अक्षय तृतीयेच्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. आरतीनं पुरणपोळी केली होती. आप्पा आणि भागवत समोरासमोर पाटावर बसले होते. बारा वाजून गेले होते, तेव्हा भागवतचा फोन वाजला. शंकरप्पा होता.

"भागवतराव, सणाला आप्पाला घेऊन आलाव व्हय? सांगायचं तरी. आमच्यात जेवाय बोलावलो असतो."

"कुटं आणलंय?" भागवत म्हणाला. "हिथं जेवाय बसलेत."

शंकरप्पा हसला. मग हसायचा थांबला.

"मी बांधावर हुबा हाय," तो म्हणाला. "वड्याच्या पल्याडून चाललेत बगा... पाठमोरे. त्यांच्या म्होरं कोण हाय ते उनात नीट दिसंना. मला वाटलं, आरती वैनी."

आरती भागवतच्या शेजारी तुपाची वाटी घेऊन उभी होती.

भागवतनं फोन कानाला तसाच धरून समोर पाहिलं. आप्पा खाली मान घालून पुरणपोळीचा घास चावत होते. जबडा हलत होता, कपाळावर घाम आला होता.

"आप्पा," भागवतनं हाक मारली.

आप्पा चावत राहिले. आणि फोनात, शंकरप्पाच्या श्वासाच्या पलीकडून, पार लांबून, रानातल्या वाऱ्यातून तो आवाज आला.

"ओ..."

"बगा," शंकरप्पा म्हणाला. "तुमी हाक मारलाव, अन् तिकडून ओ दिलेत की."