मधली पाच चित्रं

बसा, सांगते. पण मध्येच हसलात तर मी गप्प बसेन, आधीच सांगून ठेवते.

मी बावीस वर्षं कार्टूनच्या सिनेमांसाठी मधली चित्रं काढली. म्हणजे कसं, मास्तर दोनच चित्रं काढायचे: बाई खुर्चीत बसलीय, बाई दारापाशी उभी आहे. त्यामधलं उठणं, वळणं, चालणं मी भरायचे, एकेका कागदावर, खाली दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर. कष्ट वाचवायच्या दोन युक्त्या मास्तरांनीच शिकवल्या. एक, चालणं लांबवायचं असेल तर शेवटचं चित्र पहिल्यासारखंच ठेवायचं. मग तेवढेच कागद फिरवत बसा दिवसभर, माणूस आपला चालतोय. दुसरी, हाताला अंगठा धरून चारच बोटं काढायची. पाचवं कोणी मोजत नाही, म्हणायचे.

मग कंप्युटर आला आणि मधलं सगळं तोच भरायला लागला. आमच्या वीस जणांच्या विभागाला कुलूप लागलं. मास्तर गेल्या वर्षी त्या टेबलावर डोकं टेकून बसले ते उठलेच नाहीत. टेबल तळघरात टाकलं, आणि मी उरले जुने कागद स्कॅनरवर ठेवायला.

त्या दिवशी दुपारी अडीचला वरचा कंप्युटरवाला म्हणाला, "ताई, मास्तरांचा शेवटचा गठ्ठा तेवढा तळघरातून आणता? मशीनला द्यायचाय."

"आणते. पण चारला लेकीची शाळा सुटते हं. नंतर मला थांबवायचं नाही."

लेक सात वर्षांची. तिला माझ्याशिवाय कोणी नाही. माझी करंगळी मुठीत धरल्याशिवाय रस्त्यावर एक पाऊल टाकत नाही. एकदाच मला उशीर झाला होता, तर बया एकटीच भर रहदारीत रस्ता ओलांडायला निघालेली. तेव्हापासून मी चारच्या आधी फाटकाशी हजर असते.

तळघराला दार एकच, खिडकी नाही. कागदाचा, खोडरबराचा आणि मास्तरांच्या खोकल्याच्या गोळीचा वास. टेबलाचा दिवा चालू होता. कोणी लावला, देव जाणे. गठ्ठा काचेवरच होता. सवयीने खुर्चीत बसले आणि कागद बोटांत धरून भराभर उलटले. पाठमोरी बाई टेबलाशी बसलीय... उठते... दाराशी जाते... कडीकडे हात नेते... आणि शेवटच्या कागदावर पुन्हा टेबलाशी बसलेली. तिच्या चष्म्याला मण्यांची दोरी होती. अहो, ती दोरी मी परवाच घेतली होती!

गठ्ठा टाकून उठले, दाराशी गेले, कडीकडे हात नेला... आणि मी खुर्चीत बसलेले होते. पुन्हा उठले. पुन्हा खुर्चीत. हाका मारून मारून घसा बसला. फोनला रेंज नाही. घड्याळ मात्र पुढे सरकत होतं. तीन... सव्वातीन... साडेतीन. रस्त्याच्या कडेला उभी असलेली माझी पोर मला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

मग एकदम लक्षात आलं. अगं बाई, हे तर कागद फिरवत ठेवलेत! शेवटचा कागद ओढून टराटरा फाडला, पाच कोरे घेतले आणि पेन्सिल उचलली. हात कडीवर. कडी सरकलेली. दार किलकिलं. दार उघडं. बाई उंबऱ्याबाहेर. मागे कोणीतरी खोकलं. मी वळले नाही.

"घाई नको... रेघ बिघडते..." अगदी कानाशी.

"मास्तर, माझी लेक वाट बघतेय हो," म्हणाले, आणि काढतच राहिले.

पाचवं चित्र संपवलं आणि उठले. कडी हाताला गार लागली. लागली, आणि सरकलीसुद्धा! जी पळत सुटले ती थेट शाळेच्या फाटकाशी. चारला दोन मिनिटं कमी होती.

घंटा झाली. लेक धावत आली आणि तिने माझं मनगट धरलं. मी रडत होते की हसत होते, मलाच कळत नव्हतं.

"मनगट काय धरतेस? करंगळी धर ना नेहमीसारखी," मी म्हणाले आणि हात पुढे केला.

ती हाताकडे बघत राहिली. मग मीही बघितलं. अंगठा धरून चार. जखम नाही, वण नाही, जसा काही जन्मापासूनच तसा. त्या पाचही कागदांवर, घाईत, सवयीने, मी...

"आई," लेक म्हणाली, "करंगळी म्हणजे काय गं?"

तिचा हात माझ्या मनगटावरच होता. त्याची बोटं मी मोजली नाहीत. तीन महिने झाले, अजून मोजलेली नाहीत.