भिंतीकडे झुकणारी ज्योत

संध्याकाळी निरांजन लावल्याशिवाय हर्षाली पाणीसुद्धा पीत नसे. लग्नाआधीपासूनचा नेम. देवळालीच्या या बराकीत बिऱ्हाड केलं तेव्हा तिने आधी देवांसाठी जागा शोधली. शेवटच्या खोलीच्या दगडी भिंतीत आयता कोनाडा मिळाला. भिंतीपलीकडे नुसतं गवत आणि तारेचं कुंपण.

नवरा शेखर कांद्याचा ट्रक घेऊन महिन्यातले बरेच दिवस बाहेर. घरात ती, सासू कुसाबाई आणि तीन वर्षांची वेदिका. निरांजन लागलं की आजी म्हणे, "देवापुढं गप ऱ्हायचं," आणि वेदिका गाल फुगवून श्वासच रोखून बसे. दोघी हसत.

त्या मे महिन्यात सीमेवर गोळीबार सुरू झाला आणि इकडे अवकाळी पावसाने बराकीच्या भिंती ओल्या झाल्या. वेदिकाला खोकला लागला, मग ताप. दवाखान्यातून औषध आणलं. ताप हटेना.

दुपारी बराकीचे मालक निसारचाचा छत्री घेऊन दारात आले. "हर्षाली बेटा, आज भोंगा वाजला की सगळीकडे बत्ती बंद. सराव आहे, घाबरू नको. फक्त खिडकीतून उजेड दिसता कामा नये."

"पण माझं निरांजन…"

"मग खिडक्या नीट झाक." आतून खोकला ऐकू आला तसे ते थांबले. "पोरीला आजच दवाखान्यात ने. आमचे आजोबा सांगायचे, मोठ्या लढाईत या खोल्यांत बिऱ्हाडं कोंबली होती. अंधार पाळायला खिडक्यांवर घोंगड्या ठोकल्या. पोरं खोकायची. मग एके दिवशी खोकणं थांबलं. लोकांना वाटलं, बरी झाली."

ते गेल्यावर कुसाबाई म्हणाली, "म्हातारा लय भ्या घालतो. पोरीला डबा झालाय, कफानं पोट उडतंय. शेक दिला की छाती मोकळी व्हती. तुझा डॉक्टर लांबूनच नळी लावतो, म्या पोटाला हात लावून बघितलंय."

उद्या सकाळी नेऊ, असं हर्षालीने ठरवलं. आत्ता निघालं तर संध्याकाळचं निरांजन चुकलं असतं आणि नेम मोडायला मन होईना. खिडक्यांवर घोंगड्या तिनेच बांधल्या. दाराच्या फटीत सासूने चिंध्या कोंबल्या, शेगडी पेटवली, निखाऱ्यांवर ओवा टाकला.

भोंगा वाजला. बाहेरचे दिवे गेले. हर्षालीने निरांजन लावलं.

खोलीत वाऱ्याला शिरायला जागा नव्हती. तरी ज्योत भिंतीकडे झुकली. सरळ झाली. पुन्हा झुकली.

तिला वाटलं, शेगडीच्या धगीने होत असेल. तिने शेगडी दाराकडे सरकवली. ज्योत झुकतच राहिली. भराभर, दम लागल्यासारखी. धाप लागलेलं लहान मूल असा श्वास घेतं, हे तिला कळलं आणि ती वेदिकाकडे वळली.

वेदिकाचा श्वास वेगळा होता. त्याहून मंद. तिच्या बरगड्यांखाली दर श्वासाला खड्डा पडत होता आणि ओठ जांभळे दिसत होते. खोकला थांबला होता.

"बघ, निवली," कुसाबाई म्हणाली. "झोपली बाय माझी."

"आई, ती झोपली नाहीये."

हर्षालीने घोंगडी ओढली. स्वतःच मारलेली गाठ सुटेना. तिने लेकीला उचललं आणि दाराकडे धावली. चिंध्या उपसल्या, कडी काढली. पावसाने फुगलेलं दार हलेना.

"चाचा!" तिने हाक मारली. धुराने आवाज फुटला नाही.

कुसाबाईही आता दार ओढू लागली. "आगं माझी बाय गं… उघड की रं देवा!"

मागे ज्योत झुकत होती. भराभर.

वेदिकाचा पुढचा श्वास येईना.

हर्षाली कोनाड्याकडे वळली. देवांकडे तिने पाहिलं नाही. भिंतीकडे पाहून ती हळूच म्हणाली, "जे कोणी आहेस, माझं लेकरू दे. तुला रोज दिवा दाखवीन. मोडणार नाही."

ज्योत सरळ झाली.

दार एका ओढीत उघडलं. वेदिकाच्या छातीत श्वास शिरला.

रिक्षावाल्याने अंधारातच गाडी हाकली. रुग्णालयात ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, "निमोनिया आहे. धुराच्या बंद खोलीत ठेवलंत? आणखी थोडा उशीर झाला असता तर…" कुसाबाई पदर तोंडात धरून भिंतीशी बसली.

वेदिका बरी होऊन घरी आली. आता खिडक्या उघड्या असत. शेगडी कुसाबाईने देऊन टाकली. हर्षाली रोज निरांजन लावी. ज्योत भिंतीकडे झुके, सावकाश, निवांत. तिने त्याबद्दल कुणाला सांगितलं नाही.

शेखर आला तेव्हा म्हणाला, "पाथर्डी फाट्याला खोली बघितलीय. ऊन येतं, वारा येतो. कशाला राहायचं या कोंदटात?"

हर्षालीने मान हलवली आणि निरांजन लावलं. नवस तिथूनही फेडता येईल, असं तिच्या मनात आलं.

पलीकडच्या कोपऱ्यात वेदिकाने पूर्वीसारखे गाल फुगवून श्वास रोखला.

ज्योत ताठ उभी राहिली.

"पुरे गं, सोड आता," शेखर हसत म्हणाला.

वेदिकाने गाल सोडले, तोंड उघडलं. श्वास आला नाही. ती रडली नाही, घाबरलीही नाही. ज्योतीकडे बघत, सवय असल्यासारखी, थांबून राहिली.

ज्योत भिंतीकडे झुकली.

मग वेदिकाने श्वास घेतला.