काटा मारणारी डबी

वजनमाप खात्यातल्या ह्या निरीक्षकांना सगळे काटेसाहेब म्हणत. एकवीस वर्षं दुकानादुकानांतले तराजू तपासण्यात गेलेली. काटा मारणारा दुकानदार त्यांना नुसत्या नमस्कारावरून ओळखू यायचा. 'खोटं माणूस बोलतो, काटा नाही,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आणि नेमका घरातलाच वजनकाटा त्यांच्यावर उलटला. शहाऐंशी किलो! डॉक्टरांनी गुडघ्यांकडे बघून मान हलवली आणि बायकोनं फर्मान काढलं.

"तीन महिन्यांत पंचाहत्तर. नाहीतर गाडी विकायची. कोपऱ्यावरून दूध आणायलासुद्धा गाडी लागते तुम्हाला!"

साहेबांच्या पोटात गोळा आला. पोटाच्या मानानं गोळाही बऱ्यापैकी मोठा होता. त्या टर्बोवाल्या गाडीवर त्यांचा असा जीव होता, की बायको म्हणायची, माझा वाढदिवस विसरतात पण हिचं ऑइल बदलायला विसरत नाहीत.

मग साहेब चालायला लागले का? छे! दोन महिने असेच गेले आणि तिसऱ्यात ते गॅरेजात गेले. जायचीच आहे गाडी, तर निदान हौस तरी भागवून घेऊ.

मिस्त्रीनं साबणाच्या वडीएवढी काळी डबी काढली. तिला दोन वायरी होत्या.

"टर्बो हवा किती दाबतो, ते एक सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. ही डबी मध्ये बसते आणि थोडं कमी सांगते. कॉम्प्युटर बिचारा म्हणतो, कमी पडतंय, दाबा अजून. गाडी सुसाट!"

"म्हणजे काटा मारते."

"तसंच म्हणा."

"आणि जे कमी सांगितलं, ते जातं कुठे?"

साहेबांनी हे सवयीनं विचारलं होतं. मिस्त्री हात पुसत राहिला. "ते मी कधी विचारलं नाही, साहेब."

जन्मभर मापात पाप शोधणाऱ्या माणसानं स्वतःच्या गाडीत खोटा काटा बसवून घेतला, आणि चढावर ट्रक मागे पडताना पाहून त्यांना त्याची लाजही वाटली नाही.

पुढच्या रविवारी वजन भरलं अठ्ठ्याहत्तर.

बायकोनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. साहेबांनाही खरं वाटेना. त्यांनी ऑफिसातली वीस किलोची प्रमाणित वजनं आणून काट्यावर ठेवली. काटा चोख होता. त्याच्या पुढच्या रविवारी साठ!

"अहो, पण पोट तर तेवढंच दिसतंय."

"पोटाचं काय घेऊन बसलीस? काटा बघ!"

"मुदतीच्या रविवारीही एवढंच भरू दे म्हणजे झालं," ती म्हणाली.

सोमवारी गाडी सुरू केली आणि शेजारच्या सीटचा पट्टा लावा म्हणून घंटी वाजायला लागली. सीट रिकामी होती. साहेबांनी सीटवरून हात फिरवला, रबरी पाय-पुसणं झटकलं. घंटी थांबेना. शेवटी कटकट नको म्हणून त्यांनी रिकाम्या सीटलाच पट्टा लावला. घंटी लगेच गप्प झाली.

"सेन्सर बिघडला असेल," त्यांनी मिस्त्रीला फोन केला.

"बिघडत नाही तो. सीटवर पंचवीस किलो तरी पडल्याशिवाय बोंबलत नाही."

साहेबांनी मनात वजाबाकी केली. शहाऐंशीतून साठ गेले, सव्वीस राहिले.

त्यांनी फोन खाली ठेवला. डबी आत्ता काढली तर वजन परत येणार आणि रविवारी गाडी जाणार. सहा दिवसांचा तर प्रश्न होता. राहू दे रविवारपर्यंत, ते स्वतःशी म्हणाले.

बुधवारी शेजारची सीट एक घर मागे सरकलेली दिसली. पोटाला जागा लागते तेवढी.

शुक्रवारी दुकानाचं आपोआप उघडणारं दार उघडेना. साहेब दारापुढे हात हलवत, उड्या मारत राहिले. आतली विक्रेती रस्त्याकडे बघत जांभई देत होती. मागून एक बाई आल्या तेव्हा दार उघडलं, आणि साहेब त्यांच्यामागून आत घुसले.

रविवारी वजन भरलं नऊ.

बायकोनं आकडा एकदाच वाचला. "गाडी राहिली तुमची," ती हळूच म्हणाली. तिचा चेहरा मात्र उतरला होता. साहेबांनी तिचा हात धरला. तिनं दुसऱ्या हातानं तो नुसता खाजवला, माशी बसल्यासारखा.

आता मात्र साहेबांची पाचावर धारण बसली. सोमवारी उजाडताच ते खाली धावले. बॉनेट उघडून त्यांनी डबी उपटली आणि कचऱ्याच्या पिंपात टाकली. गाडीत बसून त्यांनी शेजारचा पट्टा सोडवला आणि आपला मुद्दाम लावला नाही.

गाडी सुरू झाली. त्यांच्या सीटसाठी घंटी वाजली नाही.

शेजारच्या सीटची वाजली.

मग खट्‌ असा पट्टा लागल्याचा आवाज आला आणि घंटी थांबली.

तेवढ्यात बायको जिना उतरून धावत आली. "अहो, थांबा!" साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी घाईघाईनं आपल्या बाजूची काच खाली केली.

ती वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेली. तिकडची काच आधीच खाली होती.

"तुमचा चष्मा विसरलात," ती शेजारच्या सीटकडे बघून प्रेमानं म्हणाली. "सावकाश चालवा हो."

तिनं चष्मा आत धरला आणि सोडला.

साहेब कान देऊन ऐकत होते. चष्मा खाली पडल्याचा आवाज आला नाही.