पलीकडच्या काठाची रस्सीखेच

हे मी रचून सांगत नाही. रचलं असतं, तर शेवट जरा बरा केला असता.

जिच्यावर हे गुदरलं ती माझी सख्खी मावशी, सोनह्वा. आज चुन्छन शहरात राहते. ठणठणीत आहे. रोज टेकडी चढून येते. धुकं पडलं की मात्र घराबाहेर पाऊल टाकत नाही.

सोलचं ऑलिंपिक होऊन वर्ष झालं होतं. शरदातले दिवस. गांगवोनच्या डोंगरातलं मोरूगोल नावाचं गाव.

रात्र नव्हती. भर दुपार होती. सगळं गाव शाळेच्या मैदानावर हजर होतं.

आज विचाराल, तर त्यातलं एकही माणूस तिथं होतो म्हणून कबूल करणार नाही.

मावशी त्या शाळेवर एकटी शिक्षिका. मुलं नऊ. दोन खोल्या, एक शेगडी, पुढे खडीचं मैदान. मैदान संपलं की ओढा. ओढ्यापलीकडे दुसरा काठ.

त्या काठावर पूर्वी अर्धं गाव होतं म्हणे. आता छपरं बसलेली घरं आणि पर्सिमनची झाडं. फळं पिकायची, लालभडक होऊन खाली पडायची. कुणी वेचायला जात नसे.

आधीचे मास्तर वर्ष अर्ध्यावर टाकून निघून गेले होते. ही किती दिवस टिकते, एवढंच गाव बघत होतं.

"कधी जाणार, बाई?" दुकानवाल्या काकीनं पहिल्याच दिवशी विचारलं. ती यांगू गावाहून लग्न होऊन आलेली, म्हणून सगळे तिला यांगूवाली म्हणत.

"आत्ताच तर आले."

"मास्तरही असंच म्हणाले होते. साबण देऊ का? छोटाच देते. मोठा उरायचा उगाच."

मुलं मात्र गोड होती. मावशीनं त्यांना घेऊन शाळेमागं मुळ्याचा वाफा केला. ढोल आणि थाळ्यांचं पथक उभं केलं. मुलं संध्याकाळपर्यंत घरी जाईनात.

गावाला तेही खुपलं. "शेतात हात कमी पडतायत, आणि बाई पोरांना थाळ्या बडवायला शिकवतायत."

अख्खं गाव शाळेत यायचं ते वर्षातून एकदाच, शरदातल्या क्रीडादिनाला. त्याची बैठक गावप्रमुख थाक आजोबांच्या ओसरीवर झाली. पळण्याची शर्यत, म्हाताऱ्यांची चमचा-शर्यत, मुलांचं ढोलपथक... मावशी एकेक सांगत गेली. सगळे माना डोलवत होते.

"आणि शेवटी रस्सीखेच."

डोलणाऱ्या माना थांबल्या.

"ते काढा," थाक आजोबा म्हणाले.

"का?"

"काढा म्हटलं ना."

"सगळ्या शाळांत असते, आजोबा. पोरांना आवडते."

"इथं नसते."

यांगूवाली काकी हसली. आजोबांकडे बघून हसली. ते हसू काही बरं नव्हतं.

"घेऊ द्या की त्यांना. तुम्हाला कसली भीती, प्रमुख?"

आजोबा उठून आत गेले. मावशीला वाटलं, आपण परक्या म्हणून हे आपल्याला वाकवतायत. ती इरेला पेटली.

रस्सी कुठं आहे ते दानबीनं दाखवलं. दानबी सहावीतली, ढोलपथकाची म्होरकी, थाक आजोबांची नात. शाळेच्या कोठीत जुन्या गाद्यांमागं भलंमोठं वेटोळं पडलेलं होतं.

मावशीनं हात लावला...

रस्सी ओली होती.

महिनाभर पावसाचा थेंब नव्हता. कोठी कोरडी ठक्क. आणि रस्सी पिळली असती तर पाणी गळलं असतं. वास ओढ्यातल्या गाळाचा. एक टोक एका घावात तोडल्यासारखं सपाट.

दोन दिवस उन्हात वाळवली. वाळली नाही.

तरी सराव सुरू झाला. पोरं दोन बाजूंना उभी राहायची, "यंगछा, यंगछा" म्हणत ओढायची. पलीकडच्या काठावरून प्रतिध्वनी यायचा. "यंगछा... यंगछा..." पोरांना मजा वाटायची.

एका दुपारी मावशीनं शिट्टी फुंकली. पोरं थांबली. रस्सी खाली टाकली.

प्रतिध्वनी थांबला नाही.

"यंगछा... यंगछा..."

पोरं खिदळली. मावशी हसली नाही. तिनं त्या काठाकडे पाहिलं. झाडं, पडकी घरं, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी तर पोरांनी ओढायला घ्यायच्या आधीच आवाज आला.

क्रीडादिन उजाडला तो लख्ख उन्हात. बायकांनी किंबापचे, भाताच्या गुंडाळ्यांचे, डबे आणले, उकडलेले चेस्टनट आणले, मोठ्या पातेल्यात रस्सा चढवला. पुरुषांनी तांदळाची दारू आणली. म्हाताऱ्यांची शर्यत झाली, बक्षिसाचे साबण वाटले. पोरांनी ढोल असे वाजवले की कुणीतरी चक्क म्हणालं, "बाईंनी शिकवलंय हो बरं." मावशीला त्या गावात तेवढंच काय ते कौतुक मिळालं.

जेवणाआधी रस्सीखेच. निळ्या टोप्या अलीकडे, पांढऱ्या टोप्या ओढ्याच्या बाजूला. लहानमोठे, बायाबाप्ये सगळे मिसळून.

आणि डोंगरावरून धुकं उतरलं.

तिथं शरदात धुकं उतरतं, त्यात नवल नाही. पण हे इतकं दाट होतं की रस्सीचं पलीकडचं टोक दिसेना.

"आपापल्या जागा घ्या," मावशी म्हणाली. धुक्यात पायांची सरसर झाली. मग शांत.

ती निळ्यांच्या रांगेवरून एक नजर टाकून पांढऱ्यांकडे निघाली. रस्सीच्या कडेकडेनं. जमिनीवर पडलेली रस्सी थोडं पुढं गेल्यावर...

जमिनीवर नव्हती.

कमरेएवढ्या उंचीवर ताणलेली होती. मैदान संपलं तरी रस्सी संपत नव्हती. ओढ्यावरून तशीच सरळ पुढं गेली होती, धुक्यात.

पांढऱ्यांच्या जागी कुणीच नव्हतं.

मावशी पळत परत आली. रांगेतले चेहरे बघितले. निळ्या टोप्या. पांढऱ्या टोप्या. सगळे एकाच बाजूला, रस्सी हातात धरून.

"तुम्ही सगळे इकडे कसे?"

"आम्हाला वाटलं, ते आहेत की तिकडे," दानबीची आई म्हणाली. "कुणीतरी ताणून धरलंय ना."

शिट्टी अजून फुंकलेली नव्हती.

"यंगछा..."

धुक्यातून आला तो आवाज. खालच्या सुरात. पुष्कळ तोंडांचा मिळून एक.

रस्सीला हिसका बसला. अख्खी रांग पुढं फरपटली.

मागच्या गड्यांनी रस्सी सोडली. पण सगळ्यात पुढं दानबी होती, आणि तिच्या मनगटाला रस्सीचा वेढा पडला होता. ती एकटीच धुक्याकडे ओढली जाऊ लागली. मावशीनं झेप टाकून तिच्या कमरेला मिठी मारली.

"धरा, कुणी सोडू नका, पोरीचा हात अडकलाय."

पुन्हा सगळे भिडले. टाचा खडीत रुतल्या. तरी रांग पुढंच सरकत होती. दानबी रडत नव्हती, ओरडत नव्हती. डोळे मोठे करून धुक्यात बघत होती.

यांगूवाली काकी स्वयंपाकाचा मोठा सुरा घेऊन धावत आली. रस्सीवर घाव घातला. ओल्या रस्सीवरून पातं घसरलं. पुन्हा घातला. एक धागा तुटेना.

काकी थांबली. मागं उभ्या थाक आजोबांकडे वळली.

"त्या वर्षी तुमच्या एका घावात तुटली होती, प्रमुख."

सगळे ओढत होते आणि ऐकत होते.

"पुराचं वर्ष, बाई," काकी मावशीला म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. "त्या काठाची माणसं ही रस्सी धरून पाण्यातून इकडे येत होती. माझी थोरली बहीण होती, त्या काठाला दिलेली, पाठीला लेकरू बांधून. इकडून आपले लोक धरून उभे. सगळ्यांत पुढं हे. हातात कोयता."

"पाणी आम्हालाही ओढत होतं," आजोबा म्हणाले. "सगळे गेलो असतो."

"सगळे नाही. पुढचा एक गेला असता."

"यंगछा..."

रांग पुन्हा पुढं घसरली. दानबीचे पाय मैदानाच्या कडेला टेकले. खाली ओढा.

काकीनं सुरा खाली ठेवला.

"तिकडे माणूस कमी पडतंय. जा."

आजोबांनी रांगेकडे पाहिलं. लहानपणापासूनची ओळखीची तोंडं. सगळी त्यांच्याकडे वळलेली.

"जा," कुणीतरी म्हणालं. मग आणखी कुणी.

शेवटी त्यांची सून बोलली. रस्सीवरची पकड न सोडता, दात ओठ खाऊन.

"जा, मामंजी. माझी पोर आहे ती."

आजोबांनी पायातले रबरी जोडे काढले. नीट शेजारी शेजारी ठेवले. नातीच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले, तर सुनेनं पोरीचं डोकं आपल्याकडे ओढून घेतलं. मग त्यांनी रस्सीवर हात ठेवला आणि रस्सीच्या आधारानं चालत गेले. धुक्यात पाठ दिसेनाशी झाली.

पाण्यात पाय पडल्याचा आवाज यायला हवा होता...

आला नाही.

रस्सी सैल पडली. सगळे एकमेकांच्या अंगावर कोसळले. दानबीचा हात सुटला.

क्षणभर काहीच नाही. मग धुक्यातून जयघोष उठला. जिंकलेला संघ करतो तसा. मोठ्यांचा, बायकांचा, पोरांचा.

आणि रस्सी खडीवरून सरसरत निघून गेली.

धुकं विरलं तेव्हा ओढ्यात घोटाभर पाणी होतं. मावशी धावत काठावर गेली, ओरडली, हाका मारल्या. तिच्यामागं कुणी आलं नाही. पाठीमागून कर्ण्यावरून काकीचा आवाज आला.

"चला, जेवून घ्या. रस्सा गार होतोय."

आणि लोक जेवले.

मावशी म्हणते, मला भीती त्या धुक्याची नाही वाटली तेवढी त्या जेवणाची वाटली. सून पोरीची वेणी घालत होती. कुणी कुणाला आंबवलेल्या कोबीचं किमची वाढत होतं. जोडे केव्हा उचलले, कुणी उचलले, दिसलंच नाही.

पुढं तालुक्याहून पोलीस आला, कुणी कळवलं कोण जाणे. सून म्हणाली, "मामंजी पुसानला गेलेत, थोरल्याकडे." मावशीनं तोंड उघडलं, तोच काकीनं तिच्या हातात ताट दिलं. "बाई, आधी पाहुण्याला वाढा." पोलीस जेवून गेला.

दानबी शाळेत येत राहिली. ढोल वाजवायची. मनगटावरचा काळा वळ काही जाईना. मावशीनं एकदा तिला जवळ घेऊन विचारलं.

"मी सांगितलं होतं ना, रस्सी हाताला गुंडाळायची नाही म्हणून?"

"मी नव्हती गुंडाळली, बाई."

"मग?"

दानबीनं बाहेर बघितलं. मग हळूच म्हणाली, "त्यानं मनगट धरलं होतं. लहान हात होता... गार."

त्यानंतर गाव बदललं. मावशीशी सगळे गोड बोलू लागले. सकाळी दारात चेस्टनटची टोपली. किमचीचा रांजण. काकीनं मोठा साबण दिला, पैसे घेतले नाहीत.

पहिला बर्फ पडायच्या आधी गावातल्या बायका शाळेत आल्या. शेगडीभोवती बसल्या. काकी चेस्टनट सोलून मावशीच्या हातावर ठेवत होती.

"पुढच्या वर्षी पण रस्सीखेच घ्यायची ठरलंय, बाई."

"कशाला?"

"रोज हाका येतात तिकडून. पोरांना नावानं बोलावतात आता. घ्यावीच लागेल."

मावशीनं हातातलं चेस्टनट खाली ठेवलं.

"फक्त तिकडच्या बाजूला कोण, ते ठरायचंय," काकी म्हणाली. "गावातलं कुणी तयार नाही. प्रत्येकाला लेकरंबाळं." तिनं आणखी एक चेस्टनट सोललं. अगदी मायेनं मावशीच्या हातावर ठेवलं.

"तुम्ही काय, गावच्या नाहीच ना."

बायकांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बसनं मावशी निघाली. मुलांचा निरोपसुद्धा घेतला नाही. थांब्यावर बायका उभ्या होत्या. कुणी अडवलं नाही. कुणी हातही हलवला नाही. बस ओढ्याच्या कडेनं वळली, तेव्हा मावशीनं खिडकीतून सहज पलीकडे पाहिलं...

त्या काठावरही माणसं उभी होती. एका रांगेत. सगळी तोंडं बसकडे.

ड्रायव्हरनं रेडिओ बंद केला आणि वेग वाढवला.

ती शाळा कधीच बंद पडली. मैदान अजून आहे म्हणतात.

दर शरदात मावशीला फोन येतो. बाईचा आवाज असतो, फार प्रेमळ. "बाई, यंदा येताय ना?" मावशीनं कितीदा नंबर बदलला. फोन येतोच.

गेल्या शरदात मी तिच्याकडे गेलो होतो. ती भाजी आणायला खाली उतरली आणि फोन वाजला. मी उचलला.

"बाई नाहीत का?"

"बाहेर गेली आहे. मी तिचा भाचा."

तिच्या मागं पुष्कळ माणसं एका सुरात काहीतरी म्हणत होती. लांबून. शब्द लागत नव्हते.

"भाचा का... बरं झालं. नाव काय म्हणालात?"

आणि मी नाव सांगितलं.