अकरा वेळा निकाली

या सात ओळींतून निशिगंधा मेश्रामला मिळून मिळणार काय होतं? 'लोकसंहिते'च्या योगदात्यांत नाव, आणि गावाकडच्या भावाच्या टोमण्यांपासून सुटका. "सरकार तुम्हा संगणकवाल्यांच्या हाती दिलंय म्हणे! मग आमचा पूल तेवढा नकाशातून काढ की," असं तो दर फोनला ऐकवायचा.

राज्याने आपली सगळी संगणकप्रणाली 'लोकसंहिता' म्हणून खुली केल्याला दोन वर्षं झाली होती. कोणीही वाचावी, चूक दिसली तर सुधारून पाठवावी. गावाजवळचा पूल गेल्या पुरात वाहून गेला, तरी रुग्णवाहिकेला वाट दाखवणारी प्रणाली तिला त्याच पुलावरून पाठवायची. वहिनीला आठवा महिना होता. निशिगंधाने चंद्रपूरहून प्रणालीतली सात ओळींची सुधारणा पाठवली.

तपासणीला 'परीक्षक' होता, सरकारच्या पन्नास वर्षांच्या फायली वाचून शहाणं झालेलं यंत्र. त्याने विचारलं, पूल नसल्याचा दाखला? तिने ग्रामपंचायतीचा जोडला. मग दाखल्याचा जावक क्रमांक. मग छायाचित्र. मग छायाचित्राची तारीख. एका वेळी एकच शंका, आणि दर वेळी सुधारणा परत, रांगेच्या शेवटी.

सहाव्या फेरीला तिने कक्ष अधिकारी खानोलकरांना फोन लावला.

"साहेब, सगळ्या शंका एकदम का नाही विचारत तो?"

"एकदम विचारल्या तर निकाली प्रकरण एकच धरलं जातं ना, मॅडम!" खानोलकर कौतुकाने हसले. "आम्ही नाही हो शिकवलं. फायलींतून त्यानंच उचललं. आमच्याकडे प्रलंबित शून्य!"

"शून्य कसं? माझं प्रकरण तीन आठवडे फिरतंय."

"तुमची तर सहा निकाली निघालीत."

अकरावी शंका आली त्याच दुपारी भावाचा फोन आला. टोमणा नव्हता. "निशे, गाडी पल्याड उभी आहे. डायवर म्हणतो, मशीन सरळच जा म्हणते."

डोंगा मिळेपर्यंत तास गेला. बाळ डोंग्यातच झालं. वहिनी वाचली.

चौथ्या दिवशी परीक्षकाने बारावी शंका काढली: 'पूल नसल्यामुळे प्रत्यक्ष हानी झाल्याचा पुरावा आहे काय?' खाली हानी झालेल्या व्यक्तीच्या तपशिलाचे रकाने होते.

निशिगंधाने ते भरले. नाव: ठेवलेलं नाही. वय: दोन तास.