चार बोटं जागा

मिस्त्रींनी एक टनी ट्रक पुसून अंगणात उभा केला आणि मोबाईलवर त्याचे सहा फोटो काढले. पन्नाशी उलटलेला हा ट्रक त्यांनी भंगारातून आणून दोन वर्षं खपून नवा केला होता. तसाच राहिला होता तो फक्त डावीकडच्या सीटचा खड्डा. कुणाच्या तरी रोजच्या बसण्याने पडलेला. पण जुनं अस्सल ते ठेवायचं, हा जुन्या गाड्यांच्या ग्रुपचा रिवाज.

ग्रुपच्या रविवारच्या मेळाव्याला जाताना त्याच सीटवर बायको बसणार होती. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण स्वतःच्या गाडीतून तिला कुठे नेलं नव्हतं. या वेळी तिला दिलेला शब्द फिरवायचा नाही, असं मिस्त्रींनी ठरवून टाकलं होतं.

फोटो ग्रुपवर गेले, वाहवा झाली. मग एका म्हाताऱ्या चालकाने लिहिलं, ‘मिस्त्री, डावी बाजू बसलीय. शेजारी कोणाला बसवलंय?’

मिस्त्रींना हसू आलं. आता स्प्रिंगचं म्हणाल, तर त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत त्यांनी बोटं घालून पाहिली. चारी चाकांवर चार-चार बोटं, एका सुताचाही फरक नाही. फोटोत मात्र डावीकडे जेमतेम तीन बोटं मावतील एवढीच जागा दिसत होती. जमीन उतरती असेल म्हणून त्यांनी ट्रक उलटा वळवून पुन्हा फोटो काढला.

परत डावी बाजूच बसलेली. पण मिस्त्री डगमगणाऱ्यातले नव्हते. कॅमेऱ्याचा दोष म्हणून त्यांनी विषय संपवला.

रविवारी सकाळी ट्रक शेडमधून बाहेर काढला. ठेवणीतले कपडे घालून बायको चढून बसली.

“अहो... सीट गरम आहे.”

“ऊन लागलं असेल.”

बोलून गेले खरे, पण ऊन अजून अंगणात उतरलं नव्हतं. त्यांनी फोटो काढला. त्यात डावी-उजवी बाजू अगदी सारखी होती. जीव भांड्यात पडला. लगेच त्यांनी तो ग्रुपवर टाकला, ‘बघा, आता बोला.’

चालकाचं उत्तर आलं. ‘पुढचं बरोबर. पण मागचं खाली गेलंय. वहिनी आल्या म्हणून उठून मागे बसले वाटतं...’

मिस्त्री मागे गेले. हौदा रिकामा होता, कालच धुतलेल्या फळ्या स्वच्छ दिसत होत्या. मागच्या चाकावर त्यांनी बोटं घातली. दोन गेली, तिसरं अडकलं. त्यांनी हात पुसून पुन्हा घातला. दोनच.

“निघायचं ना?” बायकोने खिडकीतून विचारलं. तिचा चेहरा खुलला होता.

“निघू की,” मिस्त्री म्हणाले. शब्द दिला होता, तो पाळायचाच होता.

गावाबाहेरच्या पहिल्या छोट्या चढाला इंजिनाला दम लागला आणि त्यांना पहिल्या गिअरवर यावं लागलं. पुरा टनभर माल भरला की यावं लागतं, तसं.